सुईवाल्यांच्या बाई

बाई कुणाच्याही तोंडाकडे नंतर बघायच्या, आधी बोटांकडे. कुणी नवीन आलं की त्याचा हात स्वतःच्या हातात घ्यायच्या, एकेक बोटाचं टोक अंगठ्यानं दाबायच्या आणि म्हणायच्या, "कोरा आहे." म्हणजे या माणसानं अजून एकदाही बोटातनं रक्त काढून साखर बघितलेली नाही. मग नाव, गाव, वय. ही चौकशी त्या उभ्यानंच करायच्या. खुर्चीवर बसलेल्या बाई मला आठवतच नाहीत.

सांगलीच्या एका मोठ्या दवाखान्यात त्यांनी तीस वर्षं रक्त-लघवी तपासायचं काम केलं होतं. रिटायर झाल्यावर कोरेगावला, आईच्या घरी येऊन राहिल्या. लग्न केलेलं नव्हतं. का नाही, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. पांढरं पातळ, पायात पुरुषांचे कॅनव्हासचे बूट आणि खांद्याला खाकी पिशवी. पिशवीत स्पिरिटचा दिवा, निळ्या औषधाची बाटली आणि बांगड्यांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात कापूस घालून ठेवलेल्या काचेच्या नळ्या. एसटीत कंडक्टर म्हणायचा, "बाई, पिशवी वर ठेवा." बाई म्हणायच्या, "ती मांडीवरच बसणार. तिचं तिकीट काढू का?"

दर रविवारी सकाळी त्या कोरेगावात एका खाजगी दवाखान्याच्या मागच्या खोलीत वर्ग घ्यायच्या. वर्ग फक्त सुईवाल्यांचा. आमच्याकडं साखरेचे आजारी दोन प्रकारचे, गोळीवाले आणि सुईवाले. गोळीवाले वयस्कर, पोट सुटलेले. सुईवाले म्हणजे आमच्यासारखे, लहानपणी किंवा ऐन तारुण्यात ज्यांच्या अंगात इन्सुलिन तयार व्हायचं थांबलं ते. साखर कारखान्याचे एक बडे गृहस्थ एकदा गाडी घेऊन वर्गाला आले. बाईंनी विचारलं, "सुई का गोळी?" ते म्हणाले, "गोळी." बाई म्हणाल्या, "मग इथं बसून काय होणार? गाडी घरी पाठवा आणि तुम्ही चालत जा."

मी सुईवाला झालो तो भरतीच्या मैदानावर. आमच्या गावात घर तिथं फौजी. आमचे आबा हवालदार म्हणून रिटायर झालेले, चुलते दोघं अजून नोकरीत. मी एकोणीस वर्षांचा. पळण्यात पास झालो, छाती भरली, आणि मेडिकलला लघवीत साखर निघाली. तिथल्या डॉक्टरनं कागदावर शिक्का मारला आणि पुढच्याला हाक मारली. दोन महिने मला तहान लागत होती आणि वजन उतरत होतं, ते आम्ही सगळे भरतीच्या सरावानं असेल म्हणून समजत होतो. घरी आल्यावर आबा तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी म्हणाले, "सुई किती दिवस घ्यायची म्हणतोय डाक्टर?"

मी म्हणालो, "कायमची."

"कायमची म्हंजे?"

 पुढच्या रविवारी कोरेगावच्या त्या खाजगी दवाखान्याच्या डॉक्टरांनीच मला बाईंच्या वर्गाला बसवलं.

पहिल्या दिवशी बाईंनी माझ्या हातात काचेची सिरिंज आणि एक वांगं दिलं. "टोच." मी टोचलं. "परत." वीसएक वेळा टोचल्यावर त्यांनी वांगं काढून घेतलं आणि माझा सदरा वर करून पोटावर बोट ठेवलं. "आता इथं." माझा हात थांबला. बाई म्हणाल्या, "वांग्याला विचारलं होतंस का दुखतं का म्हणून?" आणि घड्याळात बघत उभ्या राहिल्या. त्या घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधायच्या.  शेवटी मीच सुई घातली.

आमच्या घरी फ्रिज नव्हता. इन्सुलिनची बाटली काचेच्या बरणीत घालून, झाकण लावून, ती बरणी माठात कशी सोडायची आणि माठाला ओलं फडकं कसं गुंडाळायचं, हे त्यांनीच शिकवलं. बोटातलं रक्त तपासायच्या पट्ट्या तेव्हा साताऱ्यातसुद्धा सहज मिळत नसत. बाई एका पट्टीच्या ब्लेडनं उभ्या तीन पट्ट्या करायच्या. त्या वेळी खोलीत कुणी खोकलेलं त्यांना चालत नसे. लघवीची तपासणी मात्र रोज, घरच्या घरी. नळीत निळं औषध, त्यात लघवीचे आठ थेंब, आणि उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं म्हणजे थोडी, पिवळं म्हणजे बरीच, विटेसारखं लाल झालं तर फार. पण त्या रंगाला बाई 'शिळी बातमी' म्हणायच्या. "लघवी सांगते ते दोन-चार तासांपूर्वीचं. आत्ता काय चाललंय ते रक्तच सांगणार."

वही ठेवायची आमच्यावर सक्ती होती. तारीख, वेळ, रंग किंवा आकडा, काय खाल्लं, किती सुई. आकडा वाढला की आम्ही मान खाली घालून वही पुढं करायचो. बाई म्हणायच्या, "आकडा म्हणजे शिवी नव्हे. मान वर कर आणि मोठ्यानं वाच."

दुसऱ्या का तिसऱ्या महिन्यात मी कंटाळलो. नळी उकळायची, धुवायची, शेजारची पोरं बघायला यायची. मी रविवारी सकाळी एसटीत बसून आठवड्याचे सगळे रंग एकदम लिहायला लागलो. हिरवा, हिरवा, निळा, हिरवा. एकदा त्या भरात रविवारची संध्याकाळही लिहून टाकली. बाईंनी वही बघितली. त्या वेळी सकाळचे दहा वाजले होते.

"संध्याकाळी हिरवा येणार का?" त्यांनी विचारलं.

मी वही मिटायला गेलो.

"बरं झालं सांगितलंस. कॅनॉलला पाणी कधी सुटणार तेही लिहून ठेव, लोकांना उपयोग होईल." सगळे हसले. हसणं थांबल्यावर त्या माझ्याजवळ आल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "खोटंच लिहायचं असेल तर लाल लिही. निदान कुणी तरी तुझी चौकशी करेल. हिरव्याकडं कोण बघतो?"

त्यानंतर मी खोटं लिहिलं नाही असं नाही, पण फार कमी.

वर्गात रहिमतपूरची एक मुलगी होती, अकरावीतली. तिची साखर अचानक खाली यायची. कॉलेजात, एसटी स्टँडवर, एकदा तर नदीवर धुणं धुताना. ओढणीच्या टोकाला गूळ बांधलेला असायचा, तरी ती खायची नाही आणि चक्कर येऊन पडायची. बाई तिच्यावर फार चिडायच्या. "गूळ जवळ असताना खाल्ला का नाहीस? हात मोडले होते?" असं दर वेळी.

एका रविवारी ती मुलगी रडली नाही. शांतपणे म्हणाली, "बाई, तवा सुचतच न्हाई वो. गूळ हाय ते ठावं असतंय, पर खावा असं मनात येत न्हाई. तुमाला न्हाई कळायचं ते."

बाईंनी तिच्याकडं बघितलं. त्या दिवशी त्यांनी वर्ग लवकर सोडला.

पुढच्या रविवारी त्या उपाशी आल्या. मुंबईहून मागवलेलं, रक्तातली साखर आकड्यात दाखवणारं एकच यंत्र वर्गात होतं. ते त्यांनी माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, "दर पंधरा मिनिटांनी माझं बोट टोचायचं आणि आकडा फळ्यावर लिहायचा. मी काय बोलते तेही लिहायचं." आणि कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी स्वतःच्या दंडात इन्सुलिन घेतलं. किती घेतलं ते मला माहीत आहे, पण सांगणार नाही. कुणी करून बघण्यासारखी ती गोष्ट नव्हे.

पाऊण तास काही झालं नाही. बाई नेहमीसारख्या उभ्या राहून भाकरी कशी मोजावी ते सांगत होत्या. आकडा नव्वदच्या आसपास. मग सत्तर. मग अठ्ठावन्न. त्यांच्या कपाळावर घाम आला, पदरानं पुसला, परत आला. नळ्यांचं खोकं त्यांनी उघडलं, झाकलं, पुन्हा उघडलं. आम्ही म्हणालो, "बाई, आता घ्या काही तरी."

"मला काही झालेलं नाही."

सेहेचाळीस आला. मी आकडा फळ्यावर लिहिला. बाई फळ्याकडं बघत म्हणाल्या, "हे यंत्र बिघडलंय. तू बिघडवलंस." त्यांचा आवाज वेगळा झाला होता, लहान मुलीसारखा किरकिरा. कुणी तरी साखरेचं पाणी पुढं केलं, तर त्यांनी हात झटकला आणि ग्लास भिंतीवर गेला. आम्ही सगळे जागच्या जागी. तेवढ्यात रहिमतपूरची मुलगी उठली. दुसरा ग्लास भरला, बाईंच्या मागं जाऊन त्यांचं डोकं आपल्या छातीला टेकवलं आणि हनुवटी धरली.

"बाई, गप प्या. मी म्हनत्ये म्हनून प्या."

बाई प्यायल्या. अर्धं पातळावर सांडलं. वीस मिनिटांनी त्या नीट झाल्या. मी काय काय लिहिलंय ते त्यांनी फळ्यावरनं दोनदा वाचलं. मग त्या मुलीला म्हणाल्या, "माझ्यासमोर ग्लास होता. मला दिसत होता. तो प्यायचा असतो एवढंच आठवत नव्हतं." आणि फळा पुसत म्हणाल्या, "मी तुला दोन वर्षं उगाच बोलले."

त्यानंतर वर्गाची पद्धत बदलली. ज्याला सुई आहे त्याला शिकवून भागत नाही, हे बाईंना पटलं. सुई असणाऱ्यानं घरातलं एक तरी माणूस बरोबर आणलंच पाहिजे, असा नियम झाला. आई, नवरा, भाऊ, कुणीही.

पण ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर गेली आणि ते भडकले. आजारी नसलेल्या बाईनं स्वतःला इन्सुलिन टोचून घ्यायचं, तेही त्यांच्या दवाखान्यात, त्यांना न सांगता. काही बरंवाईट झालं असतं तर? आज विचार करतो तेव्हा वाटतं, डॉक्टरांचं बरोबर होतं. बाईंनाही ते मान्य होतं. "त्यांच्या जागी मी असते तर मीही हाकललं असतं," असं म्हणून त्यांनी मागच्या खोलीची किल्ली परत केली.

खोली गेली. शाळेनं जागा दिली नाही, मंगल कार्यालयात रविवारी लग्नं. शेवटी बाईंनी वर्ग आपल्या वस्तीतल्या बुद्धविहारात नेला. बाईंच्या वडिलांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली होती, आणि विहाराच्या बांधकामाला बाईंनी स्वतः विटा वाहिल्या होत्या म्हणे. प्रशस्त हॉल, खाली शहाबादी फरशी, दोन्ही बाजूंनी खिडक्या. रंग बघायला दवाखान्यातल्या कोंदट खोलीपेक्षा दसपट चांगला उजेड.

आधीच्या वर्गाला वीस-बावीस माणसं असायची. विहारातल्या पहिल्या रविवारी पाच आली. न आलेल्यांत मी होतो.

आबा स्पष्ट काही बोलले नव्हते. एवढंच म्हणाले होते, "आता समदं शिकलायस की. आनि कशाला जायाचं तितं?" 'तितं' या शब्दात जे होतं ते मला कळलं, आणि मी ते चालवून घेतलं. हे आबांवर ढकलून मला सुटता येणार नाही. आबा जन्मभर सगळ्या जातीच्या जवानांबरोबर एका लंगरात जेवले होते, पण गावात आले की गावचे व्हायचे. मी तर गावाबाहेर कधी राहिलोच नव्हतो.

महिनाभर गेलो नाही. पट्ट्या संपल्या. सुई अंदाजानं चालली.

एका रविवारी आमची पाण्याची पाळी होती. सकाळी सुई घेतली आणि न्याहारी न करताच मी उसात दारं धरायला गेलो. आबा बांधावर होते. पुढचं मला आबांनी सांगितलेलं. मी पाणी फोडायचं सोडून खोऱ्यानं कोरडी जमीन उकरत होतो. हाक मारली तर शिव्या द्यायला लागलो. आबांना वाटलं, पोरगं सकाळीच पिऊन आलंय. त्यांनी थोबाडीत मारली. मी पडलो तो उठलो नाही. ओठ थरथरत होते आणि सदरा घामानं भिजला होता.

आबांनी चुलत भावाला हाक मारली. दोघांनी मला मोटरसायकलवर मधे धरून कोरेगावला आणलं. दवाखाना बंद. तिथल्या दारवानानं विहाराकडं बोट दाखवलं.

वर्ग चालू होता. बाईंनी मला फरशीवर कुशीवर झोपवलं, बोट टोचलं, अडतीस आला. आबा तांब्यातलं पाणी माझ्या तोंडात ओतायला गेले, तर बाईंनी त्यांचा हात धरला. "बेशुद्ध माणसाला पाणी पाजायचं नाही. छातीत जाईल." ग्लुकोजची पावडर थेंबभर पाण्यात कालवून त्या माझ्या गालाच्या आतनं आणि हिरड्यांवर बोटानं चोळत राहिल्या. मला जाग आली तेव्हा पहिल्यांदा आबांचे पाय दिसले. त्यांनी चपला काढायचं भान ठेवलं होतं.

बाईंनी मला हळूहळू साखरपाणी दिलं, मग भाकरी. महिनाभर का आला नाहीस असं विचारलं नाही. आबांना म्हणाल्या, "पुढच्या वेळी मी जवळ असेनच असं नाही. तुम्हाला हे आलं पाहिजे. रविवारी दहा वाजता."

आबांनी मान हलवली. चहा आला. त्यांनी घेतला.

पुढच्या रविवारी आबा माझ्याबरोबर आले, पण उंबऱ्यातच बसले. एक पाय आत, एक बाहेर. बाई नळी उकळत होत्या. त्यांनी दिवा विझवला.

"हवालदार, तुम्ही दारात बसलात की उजेड अडतो. माझ्या माणसांना हिरवा का पिवळा ते कळत नाही. आत या, नाहीतर बाहेर जा."

आबांना असं कुणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं. सगळे त्यांच्याकडं बघत होते. आबा उठले. मला वाटलं, चालले. ते आत आले आणि पहिल्या रांगेत पाठ ताठ करून मांडी घालून बसले. बाईंनी त्यांचा हात घेतला, बोटं दाबली आणि म्हणाल्या, "कोरा आहे." टोचताना आबांनी डोळे मिटून घेतले. लढाई बघितलेला माणूस.

"दुखलं?"

"न्हाई," आबा म्हणाले. मग म्हणाले, "हे रोज करतंय व्हय आमचं पोरगं?"

हळूहळू बाकीचीही माणसं परतली. सगळी नाही. काही शेवटपर्यंत आली नाहीत. बाईंनी त्यांची नावं वर्गात कधी काढली नाहीत, पण त्यांच्या पट्ट्या मात्र डॉक्टरांच्या दवाखान्यात नेऊन ठेवायच्या. तिथनं ते घ्यायचे.

सात-आठ वर्षं अशी गेली. रहिमतपूरची मुलगी शिकून नर्स झाली. मी शेती बघत होतो, लग्न झालं होतं, आणि रविवारी सतरंज्या अंथरणं, यंत्र सांभाळणं असली कामं माझ्याकडं होती. त्या सुमारास बाई नळी स्वतः बघेनाशा झाल्या. ज्याची नळी त्यानंच रंग सांगायचा. "तुमचे डोळे तुमच्या घरी असतात. मी असते का?" असं म्हणायच्या. आम्हाला ती शिकवायची नवी तऱ्हा वाटली, आणि चांगली वाटली.

एका रविवारी फलटणकडची एक आई सात वर्षांच्या मुलीला घेऊन आली. दुसरी-तिसरी वेळ असेल. मुलगी आईच्या मांडीवर पेंगत होती. आईनं नळी उकळली.

"कुठला?" बाईंनी विचारलं.

"हिरवा," आई म्हणाली.

"छान."

मी सतरंजीची घडी घालत होतो. सहज बघितलं, तर नळी वीटकरी लाल. मला वाटलं, आपलीच चूक. पुन्हा बघितलं. नळी बाईंच्या तोंडासमोर हातभर अंतरावर होती.

मी म्हणालो, "बाई, लाल आहे."

 बाई म्हणाल्या, "परत बघ."

"लाल आहे, बाई."

आई रडायला लागली. लाल सांगितलं की पोरीची सुई वाढवतात, म्हणून भीतीनं हिरवं म्हणाले, असं ती सांगत होती. बाईंचं तिच्याकडं लक्ष नव्हतं. त्यांनी चाचपत मुलीला जवळ ओढलं, तिच्या तोंडाशी नाक नेलं आणि म्हणाल्या, "हिच्या तोंडाला कुजक्या फळासारखा वास येतोय. श्वासही भरभर चाललाय. आत्ताच्या आत्ता साताऱ्याला." आबांनी बाहेर पळत जाऊन रस्त्यावरची जीप थांबवली आणि माय-लेकींबरोबर स्वतःही बसले. मुलगी चार दिवस दवाखान्यात होती. वाचली.

जीप गेल्यावर बाई भिंतीला धरून खाली बसल्या.

"मला दिसत नाही," त्या म्हणाल्या. "वर्ष झालं. मोतीबिंदू आहे. निळा आणि लाल मला सारखाच दिसतो. सांगितलं असतं तर तुम्ही वर्ग बंद केला असता, म्हणून सांगितलं नाही." त्यांनी पिशवी चाचपून माझ्याकडं सरकवली. त्या म्हणाल्या, "त्या पोरीला काही झालं तर ते माझ्यामुळं. वहीत लिहून ठेवा." आणि पिशवी तिथंच ठेवून न्यायला आलेल्या भाचीचा हात धरून घरी गेल्या.

आठवड्यात मी दोनदा त्यांच्या घरी गेलो. मिरजेला ऑपरेशन होतं, मी घेऊन जातो म्हणालो. त्यांनी हो म्हटलं. मुलगी घरी आल्याचं सांगितलं तेव्हा फक्त मान हलवली.

रविवारी मी विहार उघडला. माणसं येतील का, आणि आली तर काय करायचं, काही ठरवलं नव्हतं. दहाच्या आधी सगळी आली. आबाही आले. दहाला भाचीनं बाईंना आणून सोडलं. बाई फळ्याकडं गेल्या नाहीत. बूट काढले आणि दुसऱ्या रांगेत, सुईवाल्यांच्या मधे, सतरंजीवर बसल्या. बाईंना बसलेलं बघून काही जण उठून उभे राहिले.

"बसा रे," त्या म्हणाल्या. मग माझ्या दिशेनं तोंड करून म्हणाल्या, "चालू कर."

मी म्हणालो, "बाई, मी बारावी नापास माणूस. मला शिकवायला कुठं येतंय?"

"मेडिकललाही नापास आहेस. चालू कर."

मी दिवा पेटवला. नळीत निळं औषध घेतलं.  काय करतोय ते मोठ्यानं सांगत ड्रॉपरनं थेंब सोडायला लागलो. हॉलमध्ये नळीत पडणाऱ्या थेंबांचा तेवढा आवाज येत होता. बाईंनी डोळे मिटून घेतले होते.

"थांब," त्या म्हणाल्या. "नऊ टाकलेस. आठच टाकायचे. ओत ते, आणि परत कर."

मी नळी ओतून दिली, धुतली, आणि पहिल्यापासून सुरू केलं.